न शोधता सापडलेले

शाळेच्या पटांगणात खेळताना आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पडतो. डोक्याला खोक पडते, एक-दोन वांत्या होतात आणि घाबरलेले आईवडील त्याला रुग्णालयात नेतात. तेथे त्याच्या डोक्याचे चित्रण होते. सुदैवाने आत रक्तस्राव नसतो, हाडही शाबूत असते. परंतु अहवालाच्या अखेरीस एक ओळ लिहिलेली असते : डाव्या कानशिलाच्या आत, मेंदूच्या आवरणापाशी, द्रवाने भरलेली एक लहानशी पुटी दिसते, पडण्याशी तिचा संबंध नाही. खोक आठ दिवसांत भरून येते, ती ओळ मात्र घरातल्यांच्या मनातून जात नाही. मुलाने जरा डोके दुखते म्हटले की आईच्या पोटात गोळा उठतो. गणितात गुण कमी पडले की वडिलांना ती पुटी आठवते. आजी नवस बोलते. असे घर आज इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी, हैदराबाद, कोठेही आढळेल.

ज्याच्यासाठी चित्र काढलेच नव्हते असे काही त्या चित्रात दिसावे, ह्याला वैद्यकात आनुषंगिक आढळ म्हणतात. शब्द अलीकडचा आहे, पण त्यामागचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. त्या ओळीचा अर्थ नीट लावावयाचा, तर ती लिहिण्याची वेळ वैद्यकावर कशी आली हे पाहिले पाहिजे. म्हणून आज आपणांस मी तो इतिहास थोडक्यात सांगणार आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ प्राग शहरातील एका शवविच्छेदनगृहात करणे सोयीचे होईल. साल १८९१. तेथील जर्मन विद्यापीठात हान्स कियारी नावाचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मृत्यूनंतर शरीराची तपासणी करून रोगाचे कारण शोधणे हे त्यांचे काम. त्या वर्षी त्यांनी मेंदूच्या रचनेतील एका दोषाचे वर्णन प्रसिद्ध केले. लहान मेंदूची खालची टोके कवटीच्या तळाच्या छिद्रातून निसटून पाठीच्या कण्याच्या मार्गात उतरलेली त्यांना दिसली होती. त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक सतरा वर्षांच्या मुलीचे होते. तिच्या मेंदूतील पोकळ्यांत पाणी साठलेले होते आणि लहान मेंदू खाली उतरलेला होता. परंतु त्या दोषाची म्हणून काही लक्षणे हयातीत तिला झाली नव्हती. ती वारली विषमज्वराने.

श्रोतेहो, ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. ज्या विकृतीला आज जगभर कियारीचे नाव आहे, तिचे हे मूळचे उदाहरण म्हणजे स्वतःच एक आनुषंगिक आढळ होता. ह्या विकृतीने पुढे कित्येकांना खरोखर छळले. मानदुखी, तोल जाणे, हातापायांची शक्ती कमी होणे असे तिचे परिणाम होतात आणि शस्त्रक्रियेने त्यांतील अनेकांना आराम पडतो, हेही खरे. तरी तीच रचना डोक्यात घेऊन एखादे माणूस कसलाही त्रास न होता जगू शकते, ही साक्ष पहिल्याच पानावर नोंदलेली होती. ती वैद्यकाच्या अंगवळणी पडावयास फार काळ लागला.

कियारीच्या काळी मेंदू पाहावयाचा तर तो मृत्यूनंतरच. चारच वर्षांनी, १८९५ च्या नोव्हेंबरात, वुर्ट्‌सबुर्ग येथे राँटगेन ह्यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. पण मेंदू दिसेना. हाडाची छाया पडते. मेंदू मऊ, त्यातील द्रव पाण्यासारखा, आणि दोन्ही कवटीच्या दाट सावलीत बुडून जातात. घराच्या भिंतींचे चित्र मिळावे आणि आत कोण राहते ते कळू नये, तशी ही अवस्था होती.

ह्या भिंतीला पहिली फट पडली तीही न शोधता. १९१३ साली न्यूयॉर्कमधील ल्युकेट नावाच्या शल्यवैद्याने एका अपघातग्रस्त रुग्णाचे क्ष-किरणचित्र प्रसिद्ध केले. कवटीला पडलेल्या भेगेतून हवा आत शिरली होती आणि तिने मेंदूतील पोकळ्या भरून गेल्या होत्या. हवेची छाया पडत नाही; त्यामुळे आजवर कोणालाही जिवंतपणी न दिसलेल्या त्या पोकळ्यांचा आकार चित्रात स्पष्ट उमटला होता. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील तरुण शल्यवैद्य वॉल्टर डँडी ह्यांनी १९१८ साली हेच बुद्धिपुरस्सर करून दाखविले. मेंदूतील पाणी थोडे थोडे काढून घ्यावयाचे, त्याच्या जागी हवा सोडावयाची आणि मग चित्र घ्यावयाचे, अशी त्यांची युक्ती. त्यांचे पहिले रुग्ण सहा महिन्यांपासून बारा वर्षांपर्यंतची मुले होती. तान्ह्या मुलांची टाळू भरलेली नसते. त्या मऊ जागेतून सुई घालता येई. थोरल्यांच्या कवटीला छिद्र पाडावे लागे. पुढच्याच वर्षी डँडी ह्यांनी कमरेतून हवा सोडण्याची पद्धतही सांगितली.

मुलांच्या मेंदूत डोकावण्याचा मार्ग असा खुला झाला. पण तो फार कष्टाचा होता. हवा आत गेली की कपाळ फुटेल अशी वेदना होई, वांत्या होत, आणि हा प्रकार जिवावर बेतल्याचीही उदाहरणे आहेत. १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ ह्यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत छायाद्रव्य सोडून त्यांचे चित्र घेण्याची रीत काढली. तीही काही साधीसुधी नव्हती. ह्या दोन्ही रीती पन्नासएक वर्षे चालल्या. त्या ज्या मुलांवर केल्या जात ती आधीच गंभीर आजारी असत. कोणतेही निरोगी मूल त्या टेबलावर कधी गेले नाही आणि जावयासही नको होते. मात्र ह्याचा एक परिणाम असा झाला की, आजारी मुलाचे मस्तक आतून कसे दिसते हे वैद्यक शिकत गेले आणि निरोगी मुलाचे कसे दिसते हे ठाऊक नसतानाच पुढे सरकत राहिले.

निरोगी मूल ठाऊक नसताना केवळ सावली पाहून उपचार केले म्हणजे काय होते, ह्याचा एक अत्यंत कडू धडा त्याच काळात, शरीराच्या दुसऱ्या भागात, गिरविला जात होता. विषय मेंदूचा असला तरी हा धडा सोडून पुढे जाता येणार नाही.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. वय वाढेल तशी ती आटत जाते, म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे अर्थपूर्ण नाव दिलेले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील डॉक्टरांपुढे एक कोडे होते. धडधाकट दिसणारी मुले कधी पाळण्यात, कधी क्लोरोफॉर्म हुंगवताना, अचानक दगावत. त्यांच्या शवविच्छेदनात ही ग्रंथी मोठी आढळे. १८८९ साली व्हिएन्नाच्या पाल्टाऊफ ह्यांनी असा सिद्धान्त मांडला की, मोठी ग्रंथी हे एका विशिष्ट दुबळ्या प्रकृतीचे चिन्ह असून अशी मुले क्षुल्लक कारणानेही मरतात. पुढे क्ष-किरण आले, तान्ह्या मुलांच्या छातीची चित्रे निघू लागली, आणि त्यांत ह्या ग्रंथीची रुंद सावली दिसू लागली. १९०७ साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या फ्रीडलँडर ह्यांनी ती सावली क्ष-किरणांचाच मारा करून लहान करून दाखविली. मग काय विचारता! त्यानंतरची कित्येक वर्षे अमेरिकेत हजारो बालकांच्या गळ्याखाली हे किरण सोडण्यात आले. त्यांतील अनेकांना काहीच होत नव्हते. केवळ पुढे काही होऊ नये म्हणून ही तजवीज होती.

चूक कोठे होती? शवविच्छेदनगृहात येणारी बहुतेक प्रेते गरिबांच्या मुलांची, दीर्घ आजाराने खंगून गेलेली असत. आजारपणात ही ग्रंथी झपाट्याने आटते. त्या आटलेल्या ग्रंथीलाच शास्त्रज्ञांनी स्वाभाविक मानले होते. अकस्मात दगावलेल्या सुदृढ मुलाची ग्रंथी त्यांना मोठी वाटे. वस्तुतः तिचा आकारच खरा स्वाभाविक होता. १९३१ साली ब्रिटनमध्ये यंग आणि टर्नबुल ह्यांनी जमा झालेल्या नोंदी तपासून ह्या तथाकथित प्रकृतीला पुरावा नाही असा निर्वाळा दिला. तरीही किरणोपचार लगेच थांबले नाहीत. १९५० साली न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झजेराल्ड ह्यांनी अवटू ग्रंथीचा कर्करोग झालेल्या २८ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील अनेकांच्या तान्हेपणी थायमसवर किरणांचा मारा झालेला होता. नसलेल्या रोगावरील उपचाराने असलेला रोग निर्माण केला होता.

ह्या प्रकरणात दुष्ट कोणीच नव्हते. आईबाप मुलाच्या मायेने आले, डॉक्टर मुलाच्या रक्षणासाठी झटले, यंत्राने दाखविलेली सावलीही खोटी नव्हती. उणीव एकाच गोष्टीची होती : निरोगी मुलांच्या छातीचे चित्र कसे दिसते, हे आधी कोणी पाहून ठेवले नव्हते.

आता पुन्हा मेंदूकडे वळू. कुत्र्याचे चित्र असलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाजल्या असतील. त्या काढणाऱ्या मंडळींच्याच ई. एम. आय. ह्या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे अभियंते काम करीत. त्यांनी असा विचार केला की, डोक्याचे एकच सपाट चित्र घेण्याऐवजी चहूबाजूंनी किरण सोडावे, प्रत्येक दिशेने किती किरण पार झाले ते मोजावे, आणि त्या लक्षावधी आकड्यांचे गणित संगणकाकडून सोडवून घ्यावे. म्हणजे आतील प्रत्येक ठिकाणची घनता कळेल. सुरीने फळाची चकती कापावी तशी डोक्याची चकती, न कापता, डोळ्यांपुढे येईल. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात डॉ. जेम्स अँब्रोज ह्यांच्या देखरेखीखाली पहिल्या रुग्णाचे असे चित्रण झाले. एका स्त्रीच्या मेंदूच्या पुढील भागात गाठ असावी असा संशय होता; चित्रात तेथे काळसर वर्तुळ दिसले आणि शस्त्रक्रियेत ती पुटी तशीच सापडली. १९७९ सालचे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि अशाच गणिताचा पाया स्वतंत्रपणे घालणारे ॲलन कॉरमॅक ह्या दोघांना मिळाले.

सी. टी. स्कॅन ह्या नावाने आज परिचित झालेल्या ह्या यंत्राने मुलांवर मोठा उपकार केला. हवा भरण्याचा तो छळ संपला. डोक्यात रक्त साठलेले मूल काही मिनिटांत ओळखता येऊ लागले आणि त्यामुळे अगणित प्राण वाचले. परंतु पाहणे इतके सोपे झाले की, कमी आजारी मुलांचीही चित्रे निघू लागली. आणि ज्यांची कोणी अपेक्षा केली नव्हती अशा गोष्टी दिसू लागल्या.

त्यांतील सर्वांत गाजलेली हकीकत इंग्लंडमधील शेफील्ड येथील आहे. तेथील बालरोगतज्ज्ञ जॉन लॉर्बर ह्यांनी जलशीर्ष झालेल्या शेकडो मुलांचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८० साली विज्ञानविषयक नियतकालिकांतून त्यांच्या एका निरीक्षणाची चर्चा झाली. शेफील्ड विद्यापीठातील गणिताच्या एका विद्यार्थ्याचे डोके किंचित मोठे आहे असे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याला कुतूहलाने लॉर्बर ह्यांच्याकडे पाठविले. चित्रात पाहतात तो काय, मेंदूतील पोकळ्या पाण्याने इतक्या फुगलेल्या की मेंदूचा थर कवटीच्या कडेने पातळ पत्र्यासारखा दाबला गेलेला! आणि ह्या विद्यार्थ्याचा बुद्ध्यंक १२६ असून गणितात त्याने पहिला वर्ग मिळविलेला. लॉर्बर ह्यांनी चित्राचा अर्थ जरा अतिशयोक्तीने लावला असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. मेंदू नाहीसा झाला नव्हता, तो सावकाश दाबला जाऊन पसरला होता, असे त्यांचे म्हणणे. आणि ते रास्त दिसते. पण हा आक्षेप मान्य करूनही मूळ आश्चर्य उरतेच. नुसते चित्र पाहून कोणीही ह्या मुलाचे भविष्य काळ्या शाईने लिहिले असते.

आपल्या देशातही चित्र आणि अर्थ ह्यांची अशीच चुकामूक झाली, आणि ती सांगण्यासारखी आहे. येथील प्रसंग थोडा वेगळा आहे. कारण ह्या मुलांना आकडी आलेली असे, म्हणजे चित्र काढावयास सबळ कारण होते. अनपेक्षित होते ते चित्राचे पुढचे वागणे. सी. टी. स्कॅनची यंत्रे भारतातील शहरांतून आल्यावर, आकडी आलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या मेंदूत एक लहानसे चकाकणारे कडे किंवा चकती दिसू लागली. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९८७ साली अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याकडे क्षयाचे राज्य. तेव्हा हे कडे म्हणजे क्षयाची गाठ, असा अनेकांचा स्वाभाविक समज झाला आणि वर्ष-वर्ष, दीड-दीड वर्ष क्षयाची औषधे दिली जाऊ लागली. पुन्हा चित्र काढावे तो कडे नाहीसे झालेले! श्रेय औषधाला मिळे. पण औषध न घेतलेल्यांचे कडेही नाहीसे होते असे दिसू लागले, तेव्हा शंका बळावली. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. चांडी, डॉ. राजशेखर व त्यांचे सहकारी ह्यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा गाठी तपासल्या आणि १९८९ साली दाखवून दिले की, आत क्षय नसून डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची मरू लागलेली अळी आहे. शाकाहारी घरांना ह्याचे नवल वाटते. पण ह्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी, हात आणि न धुतलेल्या भाजीपाल्याच्या मार्गाने कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. शरीर त्या अळीचा आपणहून निकाल लावते आणि कडे विरून जाते. क्षयाची गाठ आणि हे कडे ह्यांत फरक कसा करावा ह्याच्या कसोट्या पुढे वेल्लोरच्याच मंडळींनी घालून दिल्या. त्यामुळे किती मुले नाहक औषधांतून आणि किती डोकी नाहक शस्त्रक्रियेतून वाचली असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

आता ह्या इतिहासाचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा. पॉल लॉटरबर ह्यांनी १९७३ साली अमेरिकेत आणि पीटर मॅन्सफील्ड ह्यांनी इंग्लंडमध्ये चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने शरीराच्या आतील चित्र घेण्याच्या पद्धतीचा पाया घातला. दोघांना २००३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. एम. आर. आय. ही ती पद्धत. तिच्यात क्ष-किरण नाहीत. त्यामुळे इतिहासात पहिल्यांदाच, केवळ ज्ञानासाठी, पूर्णपणे निरोगी मुलाच्या मेंदूचे चित्र काढणे नीतीला धरून झाले. मुलाचा मेंदू कसा वाढतो हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी धडधाकट मुलांना बोलाविले, आणि त्या धडधाकट मुलांच्या मस्तकांत त्यांना काय काय आढळले!

१९९९ साली अमेरिकेत १,००० निरोगी स्वयंसेवकांच्या चित्रांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत मुलेही होती, वृद्धही होते. १८ टक्के लोकांत काही ना काही अनपेक्षित दिसले, पण तातडीने तपासण्यासारखे सुमारे एक टक्क्यातच होते. २००२ साली केवळ मुलांचा हिशेब आला : २२५ निरोगी मुलांपैकी ४७ जणांच्या चित्रांत काही तरी वेगळे आढळले. पण सर्वांत मोलाचे काम हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात झाले. तेथे २००२ ते २००६ ह्या काळात जन्मलेल्या हजारो मुलांचा, ती आईच्या पोटात असल्यापासून, पाठपुरावा चालू आहे. ह्यांतील ३,९६६ मुलांच्या मेंदूंची चित्रे, ती सुमारे दहा वर्षांची असताना, घेण्यात आली. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. २५.६ टक्के मुलांत, म्हणजे दर चौघांमागे एकात, निदान एक तरी अनपेक्षित गोष्ट होती. पीनियल नावाच्या वाटाण्याहूनही लहान ग्रंथीत पुटी असलेली मुलेच सुमारे सतरा टक्के निघाली. मेंदूवर कोळिष्टकासारखे जे तलम आवरण असते त्यातील द्रवाची पुटी, म्हणजे आपल्या गोष्टीतल्या मुलाला निघाली तीच, दोन टक्क्यांहून थोड्या अधिक मुलांत होती. दोन टक्के म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात एक. आपल्या गावातील प्रत्येक मोठ्या शाळेत अशी काही मुले सुखाने पाढे म्हणत असतील आणि त्यांना, त्यांच्या आईबापांना, गुरुजींना ह्याची गंधवार्ताही नसेल.

अशा सर्व मुलांपैकी पुढील वैद्यकीय देखरेख लागली ती फक्त ०.४३ टक्के मुलांना. म्हणजे जवळजवळ चार हजारांत सतरा. आणि सात मुलांत मेंदूच्या गाठीचा संशय आला. हे सात विसरून चालणार नाही. चित्र काढले नसते तर त्यांच्या घरी ते कळले नसते, किंवा फार उशिरा कळले असते. म्हणून अनपेक्षित आढळ हा नेहमीच निरर्थक असतो असे जो म्हणेल तोही चुकेल. अमेरिकेत पुढे नऊ-दहा वर्षांच्या अकरा हजारांहून अधिक मुलांच्या चित्रांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली आले आणि प्रमाण साधारण तेवढेच, सुमारे एकवीस टक्के निघाले. ह्या मोजणीचे मोल एवढ्यासाठी की, थायमसच्या काळी जी उणीव होती ती तिने भरून काढली.

ह्या संशोधनांतून एक नैतिक प्रश्नही पुढे आला. संशोधक हा मुलाचा डॉक्टर नव्हे. मग त्याला जे दिसले ते त्याने सांगावे काय? संमतिपत्रावर सही आईवडिलांची, पण डोके मुलाचे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या जीवनीतिविषयक आयोगाने २०१३ साली ह्यावर अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा की, असे काही निघू शकते हे चित्र काढण्यापूर्वीच सांगावे, आणि निघाल्यास काय कळविले जाईल, काय नाही, हेही आधीच ठरवावे. मला ही सूचना रुग्णालयांनाही लागू वाटते. चित्र काढण्यापूर्वी दोन मिनिटे बसून कोणी आईवडिलांना सांगितले की, ‘आम्ही मार पाहणार आहोत, त्याखेरीज काही दिसले तर ते बहुधा जन्मापासूनचे आणि निरुपद्रवी असते’, तर अहवालातील त्या ओळीचा दंश पुष्कळ कमी होईल.

मुळात प्रत्येक पडण्यापाठोपाठ चित्र हवे काय, हाही प्रश्न आहेच. सी. टी. स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात आणि वाढत्या वयाच्या पेशींना ते अधिक बाधतात. २०१२ साली ब्रिटनमधील पावणेदोन लाखांहून अधिक तरुण रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की, बालपणी वारंवार अशी चित्रणे झालेल्यांत रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो. धोका एकंदरीत लहानच आहे आणि खरी गरज असता चित्रण टाळणे हा वेडेपणा ठरेल. पण गरज नसता केलेल्या चित्रणाला तेवढेही समर्थन उरत नाही. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांच्या अभ्यासातून २००९ साली काही साध्या कसोट्या ठरविण्यात आल्या : शुद्ध हरपली काय, वागण्यात फरक आहे काय, कवटी पिचल्याची खूण आहे काय, मार कितपत जोराचा होता, इत्यादी. ह्यांतील काहीच नसेल तर पुष्कळदा काही तास मुलावर नजर ठेवणे हेच उत्तम चित्रण ठरते.

श्रोतेहो, आरंभी सांगितलेल्या घराकडे परत जाऊ. त्या आईवडिलांनी काय करावे? अहवाल फाडून टाकू नये, आणि उशाशी घेऊनही निजू नये. जाणत्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्या : हे निरोगी मुलांत किती वेळा आढळते? माझ्या मुलाच्या तक्रारीशी ह्याचा खरोखर संबंध आहे काय? पुन्हा पाहावयाचे तर केव्हा, आणि कोणती लक्षणे दिसल्यास त्याआधी यावे? ह्या तिन्हींची उत्तरे आज देता येतात, आणि ती देता यावीत म्हणून रॉटरडॅमच्या हजारो मुलांनी त्या गडगडणाऱ्या यंत्रात निश्चल पडून राहण्याचा कंटाळा सोसला आहे. मुलाला मात्र खेळू द्यावे. वर्गात त्याचे गणित चुकले तर ते गणिताच्या वहीतच शोधावे.

आणि कधी भीती फारच दाटून आली, तर प्रागमधील त्या सतरा वर्षांच्या मुलीचे स्मरण करावे. तिच्या मस्तकात जे होते ते पाहणारे यंत्र त्या वेळी असते, तर तिच्या उशाशी बसलेल्या साऱ्यांचे डोळे त्या चित्रावर खिळून राहिले असते. तिचा जीव घेणारा विषमज्वर मात्र पाण्यातून आणि अन्नातून आला होता.